फर्माइश, धूर आणि वाफ

गेल्या ईदला आमचा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. आठवीत असताना वहीच्या मागच्या पानांवर नस्तालीक अक्षरांची नक्षी काढणारा हा मुलगा आता मुंबईत जाहिरातींची चित्रे, निमंत्रणपत्रिका, पुस्तकांची मुखपृष्ठे करून पोट भरतो. शीरखुर्म्याची वाटी संपली आणि तो गच्चीवर गेला. आम्हीही मागोमाग गेलो. त्याच्या हातात पेनासारखे काहीतरी होते, आणि हवेत पिकलेल्या आंब्याचा वास होता. आंब्याचा मोसम तर कधीच संपला होता.

आम्हाला पाहून तो ओशाळला. "सर, सिगारेट नाही ही. नुसती वाफ असते," म्हणाला. मग ओशाळेपणा झाकण्यासाठी म्हणा किंवा मनात साचले होते म्हणून म्हणा, तो बोलतच राहिला. कोणता अर्क चांगला, आंब्याचा गोडवा किती वेळ जिभेवर राहतो, पुदिन्याने डोके कसे मोकळे होते, पानाच्या चवीचा अर्क कसा नकली लागतो, हे सगळे त्याने अत्तराच्या पारख्याला शोभेल अशा बारकाईने सांगितले. त्यानंतर गाऱ्हाणे सुरू झाले. एका गिऱ्हाइकाने एकच मुखपृष्ठ सात वेळा बदलून घेतले. शेवटी पहिलेच बरे होते म्हणून तेच छापले, आणि सहा वेळच्या कामाचे पैसे मात्र दिले नाहीत. "सर, हे ओढल्याशिवाय काही सुचत नाही, आणि जे सुचते ते गिऱ्हाईक ठेवत नाही. तुम्हीच शिकवले होते ना, गालिबला रोजची प्याली लागायची. साहिरच्या बोटांतून सिगारेट सुटत नसे. मग आमचे काय चुकले?"

त्या वेळी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. वर्गात शायरांच्या गोष्टी रंगवून सांगताना आपण मुलांच्या हाती काय देतो, याचा विचार आम्ही कधी केला नव्हता. त्याच्या बोलण्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले होते. धुरातून कला येते का, हा पहिला. दुसऱ्याच्या फर्माइशीवर केलेले काम कला असू शकते का, हा दुसरा. दोन्हींची उत्तरे उर्दू साहित्यात धुंडाळावीत, म्हणून हा लेख.

आधी त्या वाफेबद्दल. चीनमधील होन लिक या औषधशास्त्रज्ञाने २००३ च्या सुमारास हे उपकरण आजच्या रूपात आणले. त्यातील द्रवात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, सुवासिक द्रव्ये आणि बहुधा निकोटिन असते. तार तापते, द्रवाची वाफ होते, ती ओढायची. आपल्या देशात सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात कायदा झाला. या वस्तूचे उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात आणि साठवण यांवर तेव्हापासून बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरीही आमच्या विद्यार्थ्याला ती मिळते, यात नवल नाही. गुटख्याचा अनुभव महाराष्ट्राला आहेच.

पण ही चटक नवी नाही. अकबराच्या दरबारातील असद बेग विजापूरला गेला, तेव्हा त्याने तेथे प्रथम तंबाखू पाहिली आणि १६०४ च्या सुमारास रत्नजडित नळीसह ती बादशहापुढे ठेवली, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. आमच्या सोलापूरहून विजापूर शंभर किलोमीटरच्या आसपास. म्हणजे दिल्ली-आग्ऱ्याच्या हुक्क्याला पहिली चिलीम आमच्या दख्खननेच भरून दिली! हकिमांनी बादशहाला मना केले, तरी उमरावांनी ती उचलली. जहांगीरने १६१७ मध्ये बंदी घातली, आणि ती किती पाळली गेली हे लखनौ-दिल्लीच्या बैठकांनी दाखवून दिले. पुढे गूळ, फळांचा गर आणि सुगंधी मसाले घालून मुरवलेला खमीरा आला. आंब्याच्या वासाचा अर्क हा त्याच खमीऱ्याचा नातू. बंदी, सुगंध आणि "ही तर निराळी वस्तू आहे" हा बचाव, तिन्ही गोष्टी चारशे वर्षे जुन्या आहेत.

आता गालिब. विद्यार्थ्याने त्यांचे नाव घेतले ते अगदीच निराधार नव्हते. हाली यांनी 'यादगार-ए-गालिब' (१८९७) मध्ये काहीही लपवलेले नाही. मिर्झा रात्री पीत आणि त्या सौम्य गुंगीतच शेर रचत. पण त्याच पुस्तकात आणखी दोन गोष्टी आहेत, ज्या सांगताना आम्ही वर्गात नेहमी घाईने पुढे जात होतो. मिर्झा मद्यात दोन-तीन पट गुलाबपाणी मिसळत, आणि ज्या पेटीत बाटल्या असत तिची किल्ली नोकराजवळ ठेवत. ठरल्यापेक्षा जास्त मागितले तरी द्यायचे नाही, अशी ताकीदही देत. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. एकेक शेर पुरा झाला की ते कमरबंदाला एक गाठ मारत. अशा आठ-दहा गाठी मारून झोपत आणि सकाळी एकेक गाठ सोडवत शेर आठवून लिहून काढत.

आमच्या मते गालिबची कविता त्या गाठीत आहे, प्याल्यात नाही. प्याला तर दिल्लीत शेकडो लोक रिचवत होते. रात्री जमलेले सकाळच्या उजेडात पुन्हा तपासणे, स्मरणाला जे टिकले तेच कागदावर उतरवणे, हे ज्याला साधले तो गालिब झाला. आणि ज्यांच्या पेटीची किल्ली कुणाकडेच नव्हती त्यांचे काय झाले? मीराजी १९४९ मध्ये मुंबईत सदतिसाव्या वर्षी गेले. मजाज १९५५ च्या डिसेंबरात, लखनौच्या थंडीत, दारूच्या गुत्त्यावरून परतलेच नाहीत. वय चव्वेचाळीस. मंटो त्याच वर्षी जानेवारीत बेचाळिसाव्या वर्षी यकृत निकामी होऊन गेले. या तिघांनी आणखी वीस-वीस वर्षे लिहिले असते तर उर्दू कुठे असती, हा हिशेब कोणी मांडत नाही. आपण मात्र त्यांच्या व्यसनाला त्यांच्या प्रतिभेचा दागिना मानतो.

अमृता प्रीतम यांनी 'रसीदी टिकट'मध्ये साहिरच्या अर्धवट विझलेल्या सिगारेटी जपून ठेवल्याचे लिहिले आहे. तो मजकूर हृद्य आहे, यात शंका नाही. पण त्या पानावर प्रेम आहे ते माणसावर. थोटके हे केवळ हाती राहिलेले अवशेष आहेत. वाचकांनी थोटकेच उचलले आणि माणूस सोडून दिला. साहिर १९८० मध्ये एकोणसाठाव्या वर्षी हृदयविकाराने गेले, हे त्या पानावर नाही. असूही शकत नव्हते.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे आहे. तलफ लागलेल्या माणसाला एका झुरक्याने सुचू लागते, कारण आधीच्या झुरक्याने लावलेली बेचैनी तेवढ्यापुरती शमते. ज्याने काटा टोचला त्यानेच तो काढावा आणि आपण त्याचे उपकार मानावेत, असा हा प्रकार आहे.

दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे, कारण फर्माइशीशिवाय उर्दू साहित्याचा अर्धा इतिहास उभाच राहत नाही. कसीदा फर्माइशीतून आला, सेहरा फर्माइशीतून आला, तरही मुशायऱ्यात ओळ देणारा दुसराच असतो. म्हणून 'मनापासून लिहिले ते साहित्य, मागणीवरून लिहिले ती मजुरी' ही सोयीची विभागणी आम्हाला पटत नाही. पुन्हा गालिबकडेच पाहू, कारण फर्माइशीचे सगळे नमुने त्यांच्या एका आयुष्यात सापडतात.

१८२८-२९ च्या कलकत्त्याच्या मुक्कामात मौलवी करम हुसेन यांनी तळहातावर चिकण्या सुपारीचे खांड ठेवून 'हिला उपमा द्या' अशी फर्माइश केली. मिर्झांनी तिथल्या तिथे नऊ-दहा शेरांचा किता रचला आणि बक्षीस म्हणून ती सुपारीच उचलली. विषय क्षुल्लक, मोबदला एक सुपारी, पण उपमांची लगट पाहावी! एकीतून दुसरी निघते, आणि शेवटी आपण सुपारी विसरून कल्पनेचा खेळ पाहत राहतो. इथे गिऱ्हाइकाने फक्त वस्तू दिली होती. तिच्याविषयी काय म्हणायचे ते शायरावर सोडले होते.

१८५० मध्ये बहादूरशहा जफर यांनी तैमुरी घराण्याचा इतिहास फारसीत लिहिण्याचे काम दिले. वर्षाला सहाशे रुपये, तेही सहा महिन्यांनी मिळणार. पगार दरमहा मिळावा म्हणून मिर्झांना बादशहापुढे पद्यात अर्ज करावा लागला, आणि तो अर्ज आज इतिहासाच्या पुस्तकापेक्षा जास्त वाचला जातो! इतिहासाची माहिती हकीम अहसनुल्ला खान पुरवणार आणि मिर्झांनी तिला फारसीचा साज चढवायचा, अशी व्यवस्था होती. पहिला भाग 'मिहर-ए-नीमरोज' १८५४ मध्ये निघाला आणि हुमायूनपाशी थांबला. दुसऱ्या भागाचे 'माह-ए-नीममाह' हे नाव तयार होते; पुस्तक कधीच झाले नाही. पहिल्या भागाची भाषा भव्य आहे, पण आत कोणी बोलत नाही. आशय दुसऱ्याचा आणि पोशाख आपला, असे काम गालिबलाही जमले नाही.

१८५२ मध्ये शहजादा जवानबख्तच्या लग्नाला सेहरा लिहिला. त्याच्या शेवटच्या शेरातील आत्मविश्वास बादशहाला उस्ताद जौक यांच्यावरचा टोमणा वाटला. जौक यांच्याकडून दुसरा सेहरा लिहवून घेतला गेला, आणि मिर्झांना माफीचा किता लिहावा लागला. त्या माफीत नम्रतेपेक्षा ताठ मानच जास्त दिसते. सर सय्यद अहमद यांनी १८५५ च्या सुमारास आपल्या 'आईन-ए-अकबरी'साठी प्रस्तावनापर मजकूर मागितला, तेव्हा मिर्झांनी स्तुतीऐवजी जुनी पाने उकरण्यापेक्षा नव्या जमान्याकडे पाहावे असे बजावणारी मसनवी पाठवली. सर सय्यद यांनी ती छापली नाही. आज ती त्या ग्रंथासाठी लिहिली गेली म्हणूनच आठवते. नाकारलेले काम वाया जातेच असे नाही.

पण सर्वांत बोलका नमुना 'दस्तंबू'चा. १८५७ च्या बंडाचा हा वृत्तान्त १८५८ मध्ये आग्ऱ्यात छापला गेला. अरबी शब्द टाळून शुद्ध फारसीत लिहिलेला, आणि नजर इंग्रजांच्या मेहेरबानीवर व पेन्शनवर. आम्ही मिर्झांना दोष देत नाही. ज्या शहरात मुसलमानांना घरी परतण्याची मुभा नव्हती, तिथे म्हाताऱ्या शायराने जीव वाचवण्यासाठी जे लिहिले त्याला आज खुर्चीवर बसून नावे ठेवणे सोपे आहे. पण समीक्षक म्हणून एवढे सांगितलेच पाहिजे की दिल्लीचा आक्रोश 'दस्तंबू'त नाही. तो त्याच काळात मित्रांना लिहिलेल्या साध्या उर्दू पत्रांत आहे. कोण मेला, कोणाची हवेली पाडली, विहिरीचे पाणी कसे खारट झाले, हे तिथे कळते. 'ऊद-ए-हिंदी' १८६८ मध्ये आणि 'उर्दू-ए-मुअल्ला' १८६९ मध्ये, मिर्झांच्या मृत्यूनंतर काही दिवसांनी, प्रसिद्ध झाले. ज्या लेखनाला गिऱ्हाईकच नव्हते त्या लेखनाने उर्दू गद्याला नवे वळण दिले.

मंटोचा मार्ग वेगळा. दिल्ली रेडिओवर त्यांनी शंभरावर नाटके लिहिली, आणि संहितेतील फेरफारांवरून बिनसल्यावर १९४२ मध्ये ते मुंबईला परतले. पुढे लाहोरात, 'चचा सॅम'ला लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी एक प्रसंग सांगितला आहे. अमेरिकी कचेरीचा माणूस त्यांच्या उर्दू नियतकालिकासाठी कथा मागायला आला. तो जास्त देऊ पाहतो आणि मंटो कमी मागतात, अशी उलटी घासाघीस होऊन तीनशेवर सौदा ठरला. पैसे खिशात घातल्यावर मंटोंनी सांगितले की मी लिहीन ते तुम्हाला आवडणार नाही, आणि त्यात बदल करण्याचा हक्कही मी देणार नाही. तो माणूस पुन्हा फिरकला नाही. प्रसंग वाचताना हसू येते. पण हाच मंटो दुसरीकडे रोजच्या खर्चासाठी, बाटलीसाठी, मिळेल त्या किमतीला एका बैठकीत कथा लिहून देत होता, हे ध्यानात घेतले की हसू विरते. अमेरिकेला 'नाही' म्हणण्याची हिंमत त्यांच्यात होती. बाटलीला 'नाही' म्हणण्याची ताकद उरली नव्हती. खरे गिऱ्हाईक कोणते, हे आमच्या विद्यार्थ्याने या ठिकाणी ओळखावे.

साहिर यांनी फर्माइशीचे शास्त्रच केले. चालीवर शब्द बसवणे म्हणजे आधी कबर खोदून मग तिच्या मापाचे प्रेत शोधणे, असे कैफी आझमी म्हणत, असे सांगितले जाते. साहिर त्या कबरीतूनही जिवंत माणूस बाहेर काढत. 'प्यासा' (१९५७) मधील वेश्यावस्तीच्या गाण्याचे उदाहरण घ्या. 'तल्खियाँ' मधील 'चकले' ही त्यांची आधीची नज्म. तिच्या पालुपदात पूर्वेच्या पावित्र्याचे गोडवे गाणाऱ्यांना जाब विचारला होता, पण तो इतक्या जड फारसी समासात की थिएटरातल्या पिटातल्या माणसाला त्याचा पत्ता लागला नसता. चित्रपटासाठी पालुपद बदलले. जड समास गेला आणि त्याजागी हिंदचा अभिमान मिरवणाऱ्यांना सरळ हाक आली. ही तडजोड म्हणावी का? आमच्या मते हा अलीकडच्या उर्दू कवितेतील सर्वांत यशस्वी पाठभेद आहे. 'पूर्व' ही हवेतली कल्पना होती. 'हिंद' हा स्वातंत्र्याला दहा वर्षे झालेला खराखुरा देश होता. भाषा सोपी झाली आणि सवाल अधिक बोचरा झाला. गिऱ्हाइकाच्या मागणीने कविता सुधारली, असे म्हणायला आम्हाला संकोच वाटत नाही.

याच साहिर यांची दुसरी नज्म 'कभी कभी' (१९७६) या चित्रपटात गाणे होऊन आली. मूळ नज्म हरलेल्या माणसाची आहे. मिळू शकले असते ते आयुष्य आणि वाट्याला आलेला अंधार, यांमधली दरी तिच्यात आहे. गाण्यात ती दरी बुजवून तिच्यावर वधूचा शृंगार मांडला आहे. खय्याम यांची चाल अवीट आहे, मुकेश यांचा स्वर मधुर आहे, आणि आमच्याही घरी ते गाणे लागते. पण नज्मची जखम त्यात नाही. शब्द इथेही सोपे झाले, आणि इथे अर्थही निघून गेला.

या दोन गाण्यांवरून आम्हाला एक माप सापडते, आणि ते आमच्या विद्यार्थ्याच्या मुखपृष्ठालाही लावता येईल. फर्माइश करणारा जेव्हा शब्द, रंग, आकार, लांबी बदलायला सांगतो तेव्हा तो आपल्या कारागिरीची परीक्षा घेतो. त्यावर रागावणे हा नुसता अहंकार आहे. तो जेव्हा म्हणणेच बदलायला सांगतो तेव्हा मात्र थांबून विचार करावा. सुपारीच्या कित्यात म्हणणे गालिबचे होते. 'मिहर-ए-नीमरोज'मध्ये ते दरबाराचे होते. सात फेऱ्यांचा त्रास सात या आकड्यात नाही. त्या सातांत आपले म्हणणे कितव्या फेरीला गेले, हे पाहावे.

हे माप आम्ही स्वतःलाही लावून पाहिले. उर्दू शाळेच्या शिक्षकाला गावात शायरच समजतात. लग्न असले की सेहरा, निरोप असला की मानपत्र, पुढारी आला की स्वागतगीत. हे सगळे आम्ही लिहिले आहे. एकदा एका संस्थेच्या अहवालात, मुलींची गळती का वाढली यावर आम्ही दोन परिच्छेद लिहिले होते. ते काढून तिथे पदाधिकाऱ्यांच्या परिश्रमांची स्तुती घालायला सांगितले गेले. आम्ही घातली. सुबक उर्दूत घातली. त्या दिवशी आम्ही धूर काढला नाही, पण नाही म्हणण्याचे धाडसही आमच्याकडे नव्हते. तेव्हा 'आमचे काय चुकले' असे विचारणाऱ्या मुलापुढे पाटी कोरी असल्याचा आव आम्ही आणू शकत नाही.

फर्माइशीने छळलेला माणूस धुराकडे वळतो, कारण धूर त्याला काही बदलायला सांगत नाही. दिवसभर सगळे काम दुसऱ्याच्या मर्जीने चालते. निदान चव तरी आपल्या मर्जीची असावी, आंबा किंवा पुदिना, एवढीच निवड त्याच्या हाती उरते. हे दुःख खरे आहे, आणि त्याला नुसत्या उपदेशाने उत्तर देऊ नये. पण ती निवडही त्याची नाही. आंब्याचा गोडवा कारखान्यात कोणीतरी हिशेबाने मोजून घातला आहे. सात वेळा बदल सांगणारे गिऱ्हाईक एक दिवस पैसे देऊन जाते तरी. हे दुसरे गिऱ्हाईक रोज येते, आणि पैसेही आपल्याकडूनच घेते.

विद्यार्थ्याला आम्ही पत्र लिहिले आहे. त्यात गालिबच्या प्याल्याऐवजी किल्लीची आणि गाठींची गोष्ट लिहिली, जी दहा वर्षांपूर्वी वर्गातच सांगायला हवी होती. जाता जाता एक कामही दिले. आमच्या शाळेच्या हस्तलिखिताचे मुखपृष्ठ त्याने करावे. मोबदला म्हणून कलकत्त्याच्या मौलवींप्रमाणे एक सुपारीही देता येणार नाही, कारण शाळेत ती चालत नाही. बदल मात्र एकही सांगणार नाही. काय काढायचे ते त्याने ठरवावे.